शून्यावं वर्ष

फाउंडेशन इयर म्हणजे काय हे मी नातेवाइकांना आत्तापर्यंत निदान वीस वेळा समजावून सांगितलं असेल. त्यातल्या पंधरा वेळा समोरून एकच प्रश्न आला, "म्हणजे पहिल्या वर्षात नापास झालीस?" एका मावशीने तर हा प्रश्न आवाज एकदम खाली आणून विचारला, जसं काही आमचा फोन अख्खा वाडा ऐकतोय.

नापास नाही झाले. इंग्लंडमध्ये डिग्री साधारण तीन वर्षांची असते. बारावीच्या पातळीला ज्यांनी लागणारे विषय घेतलेले नसतात, किंवा घेतले पण मार्क कमी पडले, किंवा मधेच शाळा सुटली, अशांसाठी बरीच विद्यापीठं त्या तीन वर्षांच्या आधी आणखी एक वर्ष जोडून देतात. तीनाची चार होतात. अ‍ॅडमिशन एकदाच होते, थेट डिग्रीला. ते पहिलं वर्ष ठरलेल्या मार्कांनी पार केलं की पुढच्या वर्षात. त्या वर्षाचे मार्क डिग्रीच्या शेवटच्या हिशोबात धरत नाहीत. आमच्या टाइमटेबलवर त्याला ‘स्टेज झीरो’ म्हटलेलं असायचं. मी मनात त्याला शून्यावं वर्ष म्हणायचे. पहिलं, दुसरं, तिसरं, तसं शून्यावं.

मी प्लिमथला मरीन बायॉलॉजी शिकते. आणि मी बारावी कॉमर्स आहे. ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवता येतात हे मला वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

आमचं घर मोरजीला, गोव्याच्या पेडणे तालुक्यात. घरात बोलणं कोंकणीत आणि वाचणं मराठीत. पेपर मराठी, भजनं मराठी, माझी प्राथमिक शाळाही मराठी. त्यामुळे हे सगळं मराठीत लिहिताना मला काही वेगळं करतेय असं वाटत नाही. मोरजीचं नाव तुम्ही ऐकलं असेल ते कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले जातीची कासवं थंडीच्या दिवसांत रात्री वाळूवर येऊन अंडी घालतात. ती राखायला वनखात्याची माणसं बसतात, आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर शॅकमध्ये म्युझिक चालू असतं. बाबा रापणीवर जायचे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी अर्धगोल फिरून ते पाण्यात टाकत जाते, आणि मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून पंचवीस-तीस माणसं वाळूवर मागे मागे सरकत ते खेचतात. माझ्या लहानपणी रापण आधीच थकलेली होती. सत्तरच्या दशकात ट्रॉलर आले, रापणकारांनी मोठं आंदोलन केलं, १९८० साली मासेमारीचा कायदा झाला आणि किनाऱ्यालगतचा पट्टा कागदावर राखून ठेवला गेला. ट्रॉलरना तो कागद वाचता येत नसावा.

दहावीनंतर कुठे जायचं हे आठ दिवसांत ठरलं. सायन्स म्हणजे म्हापशाची बस, ट्यूशन, प्रॅक्टिकल्स आणि घरी पोचेपर्यंत काळोख. कॉमर्स जवळ होतं, चुलत बहीण तिथेच होती. कुणी जबरदस्ती केली नाही. आमच्यासारख्या घरांत ह्या गोष्टी ठरतात तशाच त्या ठरल्या, बसच्या वेळापत्रकावरून. पंधराव्या वर्षी ठरलेलं ते किती लांबवर पुरतं, हे मात्र मी नंतर मोजलं. दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. तिची बस सहलीला आमच्या शाळेपर्यंत येऊ शकेल इतकी ती जवळ. पण बारावी कॉमर्सवरून तिच्याकडे जायला पायवाटसुद्धा नाही. एम.एस्सी.ला बी.एस्सी. हवी, बी.एस्सी.ला बारावी सायन्स हवी, म्हणजे परत अकरावीत जाऊन बसायचं. बारावीत असताना आमच्या एका सरांना मी विचारलं होतं. ते हसले, वाईट नव्हे, मायेनेच हसले, आणि म्हणाले, बँकेची परीक्षा दे.

२०१८ साली, बारावीचा निकाल लागल्यावर, आम्ही सगळे स्विंडनला आलो. हे कसं झालं ते गोव्याबाहेरच्या वाचकाला सांगावं लागेल. माझ्या आजोबांचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. लिस्बनला जन्माची नोंद करायची, कागद जमवायचे, भारतीय पासपोर्ट परत द्यायचा. ब्रेक्झिटच्या आधी त्या पासपोर्टवर इंग्लंडमध्ये राहून काम करता यायचं. हजारो गोंयकार असे आले, आणि का कोण जाणे, त्यातले खूपसे स्विंडनलाच. तिथे कोकम मिळतं, सुके बांगडे मिळतात, गणपतीही बसतो. समुद्र तेवढा नाही. मी एका वेअरहाउसमध्ये रात्रपाळीला लागले, आई केअर होममध्ये, बाबा दुसऱ्या एका वेअरहाउसमध्ये. रापण ओढणारा माणूस स्कॅनर हातात घेऊन खोके मोजायला लागला. त्यावर मी आणखी लिहू शकते, पण बाबांना ते आवडणार नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात कामावरच्या काही जणींबरोबर डेव्हनच्या किनाऱ्याला एक दिवसाची ट्रिप काढली. आम्ही पोचलो तेव्हा सुकती लागलेली. आमच्याकडे मोठ्या भरतीला आणि ओहोटीला पाण्याच्या पातळीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. प्लिमथजवळ तो पावणेपाच मीटरपर्यंत जातो. म्हणजे समुद्र खरोखर उठून निघून जातो आणि मागे खडक, डबकी, शेवाळ सगळं उघडं टाकून देतो. एक बाई लहान मुलांना डबक्यातले खेकडे दाखवत होत्या. मी मुलांच्या मागे उभी राहून ऐकलं, नंतर विचारलं की हे शिकायला काय लागतं. त्यांनी विचारलं, सायन्स केलंय? मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, मग फाउंडेशन इयर बघ. एवढंच. सर हसले होते तिथे ह्या बाईंनी एक शब्द दिला आणि त्या परत खेकड्यांकडे वळल्या.

आता पैशांचं बोलते, कारण इन्स्टावर मला सगळ्यात जास्त विचारतात ते हेच. २०२३ साली आमची इंग्लंडमधली पाच वर्षं पूर्ण झाली आणि मला कायम राहण्याचा दर्जा मिळाला. त्यामुळे फी इथल्या मुलांइतकीच लागली, तेव्हा वर्षाला ९,२५० पौंड, आणि ती सरकारी स्टुडंट लोनमधून थेट विद्यापीठाला गेली. शून्यावं वर्ष डिग्रीचाच भाग असल्यामुळे लोन त्यालाही मिळतं. राहण्याखाण्याचं लोन वेगळं. माझ्या बॅचपासून नियम असा की नोकरी लागल्यावर वर्षाच्या २५,००० पौंडांवरच्या कमाईतले ९ टक्के कापून घेतात, आणि ४० वर्षांनी जे काही उरेल ते माफ. मी हे बाबांना मोठ्या आनंदाने सांगितलं. त्यांनी फक्त चाळीस हा आकडा ऐकला. त्यांच्या हिशोबात कर्ज म्हणजे होडीसाठी काढलेलं, दोन मोसमांत फेडायचं किंवा होडी विकायची.

खरा अडथळा मात्र लोन नव्हता. माझ्या पगारातून घराचं अर्धं भाडं जात होतं. मी प्लिमथला गेले की ते बंद होणार होतं, आणि कशासाठी, तर एका वर्षासाठी ज्याचे मार्कही मोजत नाहीत. बाबा जेवताना म्हणाले, "नुस्तें खावपाचें आसता गो, मेजपाचें न्हय." मासे खायचे असतात, मोजायचे नसतात. आई काही बोलली नाही. तिने आठवड्याला दोन शिफ्ट वाढवून घेतल्या आणि मला ते महिन्याभराने कळलं. मी आजही शनिवार-रविवार एका किचनमध्ये भांडी घासते आणि घरी थोडे पाठवते. ते अर्ध्या भाड्याच्या जवळपासही जात नाहीत.

वर्गात आम्ही साधारण तीस जण. प्लिमथ हे नौदलाचं गाव आहे, त्यामुळे नौदल सोडून आलेला एक पस्तिशीचा माणूस होता, पाणबुडीवर काम केलेला. तो म्हणायचा, मी बारा वर्षं समुद्रात होतो आणि मला एकही मासा दिसला नाही. दोन मुलांची एक आई होती, ती पावणेतीनला शाळा सुटायच्या आत निघून जायची. डिस्लेक्सिया असलेला एक मुलगा होता, ज्याला शाळेत कुणीतरी सांगितलं होतं की सायन्स तुझं काम नाही. आणि ए-लेव्हलला ग्रेड हुकलेली अठरा वर्षांची मुलं, जी पहिला महिना तोंड लपवून बसायची. वर्गात "मला हे येत नाही" हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं. मला त्याचा धक्काच बसला. आपल्याकडे हे वाक्य म्हटलं की शिक्षक पालकांना बोलावतात. इथे त्यावर शिक्षक फळा पुसायचे आणि परत पहिल्यापासून सुरुवात करायचे. कारण सोपं होतं: न येणाऱ्यांसाठीच ते वर्ष होतं.

केमिस्ट्रीने मला पहिले सहा आठवडे रडवलं. मोल नावाची गोष्ट डोक्यात शिरेना. एक मोल म्हणजे एवढे अणू, ६ वर तेवीस शून्यं वगैरे. ठीक आहे, पण मी त्याचं करू काय? मग एका प्रॅक्टिकलला समुद्रासारखं खारं पाणी करायला सांगितलं. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. हिशोबाच्या सोयीसाठी ते सगळं साधं मीठ धरा, म्हणजे सोडियम क्लोराइड. त्याचा एक मोल ५८.४४ ग्रॅमचा. पस्तीसला अठ्ठावन्न पूर्णांक चव्वेचाळीसने भागा. जवळपास ०.६ मोल. मी मीठ तोलून पाण्यात ढवळलं, आणि कुणाचं लक्ष नाही बघून बोट बुडवायचा फार मोह झाला. लॅबमध्ये काही चाखायचं नसतं हा पहिल्या दिवसाचा नियम. पण मला चव न घेताच कळत होतं.

आईचं माहेर आगरवाड्याचं, मिठागरांचं गाव, शापोरा नदीच्या काठी. मामाचं मिठागर आहे, आता अर्धंच चालतं. त्या संध्याकाळी पुस्तकात पुढे वाचलं की समुद्राचं पाणी आटत जातं तेव्हा क्षार एकदम खाली बसत नाहीत, क्रमाने बसतात. कॅल्शियम सल्फेट आधी, म्हणजे जिप्सम. साधं मीठ त्यानंतर. मॅग्नेशियमचे क्षार शेवटपर्यंत पाण्यातच राहतात. ते कडू असतात आणि हवेतलं पाणी ओढतात. मी मामाला फोन लावला. म्हटलं, तू पाणी एका खणातून दुसऱ्या खणात का सोडतोस? तो म्हणाला, पहिल्या खणात घाण बसते, मीठ पुढच्यात. आणि शेवटचं पाणी? ते सोडून द्यायचं, कडू असतं, ठेवलं तर मीठ पावसाळ्यात पाझरतं. मी वही समोर धरून बसले होते. एका बाजूला पुस्तकातला तक्ता, दुसऱ्या बाजूला मामा. त्याच्या ‘घाणी’ला माझ्याकडे आता फॉर्म्युला होता. त्याला मी तो सांगितलाही. त्यावर त्याने विचारलं, मग मिठाला भाव मिळेल का?

मोल त्यानंतर कधी अडला नाही.

गणिताचं एवढं रम्य काही सांगता येणार नाही. लॉग, आलेख, स्टँडर्ड डेव्हिएशन. मी ते घोकलं, सोडवलं, परत सोडवलं, आणि पाणबुडीवाल्या माणसाने मला कँटीनमध्ये बसवून लॉग शिकवले. कॉमर्समध्ये शिकलेली टक्केवारी आणि सरासरी कामाला आली, हे मुद्दाम नोंदवते.

मार्चमध्ये आम्हाला वेम्बरीला नेलं. प्लिमथजवळचा खडकाळ किनारा, समोर ग्रेट म्यूस्टोन नावाचं त्रिकोणी बेट. वारा असा की कान दुखायला लागतात. काम साधं: खडकावर वरून खाली पाण्यापर्यंत एक टेप लावायचा, आणि ठरलेल्या अंतरांवर अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट ठेवून आतले लिंपेट मोजायचे. लिंपेट म्हणजे खडकाला चिकटलेली टोपीच्या आकाराची गोगलगाय. भरतीच्या वेळी ती फिरते, खडकावरचं शेवाळ खरवडून खाते, आणि पाणी उतरायच्या आत आपल्या ठरलेल्या खळगीत परत येऊन बसते. शिंपल्याची कड त्या खळगीला इतकी बरोबर बसते की ओलावा आत टिकून राहतो. तिचे दात गोथाइट नावाच्या लोहखनिजाच्या तंतूंचे असतात. २०१५ मध्ये पोर्ट्समथच्या संशोधकांनी ते ताणून मोजले तेव्हा तोपर्यंत माहीत असलेल्या जैविक पदार्थांत ते सगळ्यात मजबूत निघाले, कोळ्याच्या रेशमापेक्षाही.

तर मोजायचं. चौकट टेपवर किती अंतरावर ते ठरलेलं होतं, पण टेपपासून डावी-उजवीकडे कुठे ठेवायची ते ठरवायला आम्हाला यादृच्छिक आकड्यांचा कागद दिला होता. तीन, सतरा, आठ. जिथे आकडा सांगेल तिथेच. माझा आकडा एका गुळगुळीत, उघड्या खडकावर पडला, जिथे काहीच नव्हतं. हातभर अंतरावर कपारीत लिंपेट दाटीवाटीने बसलेले. मी सरळ चौकट उचलून कपारीकडे नेली. लहानपणापासून मी हेच केलंय. ओहोटीला आजीबरोबर खुबे आणि तिसऱ्या काढायला जायचे तेव्हा आजी वाळूकडे बघून सांगायची, इथे खण. तिने रिकामी जागा कधी खणली नाही. आमच्या मॅडम मागून आल्या, चौकट परत उघड्या खडकावर ठेवली आणि म्हणाल्या, "किती आहेत?" मी म्हटलं, एकही नाही. "मग शून्य लिही."

हे पाच मिनिटांत घडलं आणि त्यावर मी कित्येक दिवस विचार करत होते. आजीचं ज्ञान तिला जिथे आहे तिथे घेऊन जायचं, कारण तिला टोपली भरायची होती. इथे मुद्दाम जिथे नसेल तिथेही जायचं, आणि नाही म्हणून लिहायचं. सगळ्यांनी कपारीतलेच मोजले तर किनारा लिंपेटांनी भरलेला दिसेल, आणि दहा वर्षांनी ते निम्मे झाले तरी कळणार नाही, कारण तेव्हाही कुणीतरी भरलेली कपार शोधेलच. मला ह्यात आजीपेक्षा पुस्तक शहाणं असं काही दिसलं नाही. आजीला संध्याकाळच्या कालवणाचं उत्तर हवं होतं, आणि ते ती कधी चुकली नाही. प्रश्नच दुसरा आहे. पण मोरजीला खुबे कमी झाले का, ह्या प्रश्नावर घरी भांडण होतं तेव्हा प्रत्येक जण आपापली कपार सांगत असतो, हे मला वेम्बरीच्या त्या वाऱ्यात उभं राहून कळलं.

प्लिमथमध्ये मोजायची सवय जुनी आहे. सिटाडेल हिलवरची प्रयोगशाळा १८८८ ची. हॉजकिन आणि हक्सले यांनी १९३९ मध्ये स्क्विडच्या जाड मज्जातंतूवर आपला प्रसिद्ध प्रयोग केला तो इथेच. त्या कामाला पुढे १९६३ चं नोबेल मिळालं. पण मला जास्त भुरळ पडली ती कंटाळवाण्या कामांची. अ‍ॅलिस्टर हार्डी नावाच्या शास्त्रज्ञाने एक यंत्र बनवलं, जे मालवाहू जहाजांच्या मागे दोरीला बांधून ओढायचं. आत रेशमी कापडाची गुंडाळी फिरत राहते आणि समुद्रातले सूक्ष्म जीव त्यावर अडकतात. १९३१ पासून हे सर्वेक्षण चालू आहे, आणि त्याचं मुख्य ठाणं आता प्लिमथला आहे. अ‍ॅलन साउथवर्ड यांनी १९५० च्या दशकापासून इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावरचे बार्नकल मोजले. बार्नकल म्हणजे खडकावरचे ते पांढरे खरखरीत ठिपके, ज्यांनी पाय कापतो. थंड पाण्यातली एक जात, उबदार पाण्यातल्या दुसऱ्या. कोण वाढलं, कोण घटलं, त्यावरून समुद्र कधी तापला, कधी निवला ते दिसतं. वर्षानुवर्षं एक माणूस वाकून ठिपके मोजतोय! आमच्या वाड्यावर असं कुणी केलं असतं तर त्याचं लग्न जमलं नसतं.

आणि रापण मला इथे परत भेटली. प्लिमथच्या पश्चिमेला टेमर नदी ओलांडली की कॉर्नवॉल. तिथे पूर्वी पिल्चर्ड नावाच्या माशाचा मोठा धंदा होता. कड्यावर एक माणूस उभा राहायचा, त्याला ह्यूअर म्हणत. पाण्याचा रंग पालटला, काळसर सावली सरकताना दिसली की तो "हेवा, हेवा" ओरडायचा, आणि खाली होड्या जाळं घेऊन त्या थव्याला वेढा घालायच्या. न्यूक्वे गावात ह्यूअरची पांढरी चौकी अजून उभी आहे. मी तिथे जाऊन तिचा फोटो बाबांना पाठवला. आमच्या रापणीलाही असाच एक नजरेचा माणूस असायचा, आणि त्याचा वाटा वेगळा निघायचा. पिल्चर्ड म्हणजे आपल्या तारल्यांचा चुलतभाऊ. आपला सार्डिनेला लाँगिसेप्स, त्यांचा सार्डिना पिल्चार्डस. पिल्चर्ड हे नाव पुढे ग्राहकांना जुनाट वाटायला लागलं, तेव्हा त्याच माशाचं ‘कॉर्निश सार्डिन’ असं बारसं केलं आणि तो परत खपायला लागला. बाबांनी फोटो बघून विचारलं, तिथे आता कोण बसतं? मी म्हटलं, कोणी नाही, टुरिस्ट येतात. "मोरजीसारखंच," ते म्हणाले.

मेमध्ये परीक्षा झाली, जूनमध्ये निकाल. सगळे विषय सुटले, केमिस्ट्री सगळ्यात चांगली. तीस जणांतले सगळे पुढे गेले नाहीत. डिस्लेक्सियावाला मुलगा गेला. ती दोन मुलांची आई मधेच थांबली. तिची धाकटी आजारी पडायची. तिला शून्यावं वर्ष कमी पडलं की घराने एक वर्षही दिलं नाही, ते मला ठरवता येत नाही.

जे मला "ताई, मी पण येऊ का?" असं विचारतात त्यांना खरं सांगायला हवं. माझा हिशोब तुमचा हिशोब नाही. तुम्ही स्टुडंट व्हिसावर आलात तर फी परदेशी मुलांची लागते, माझ्या दुप्पट किंवा त्याहून जास्त, आणि सरकारी लोन मिळत नाही. बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी केली असेल तर तुम्हाला बऱ्याच ठिकाणी ह्या वर्षाची गरजच नसेल. एजंट सांगतो म्हणून एक वर्षाची फी जास्त भरू नका, विद्यापीठाला स्वतः ईमेल करून विचारा. आणि मरीन बायॉलॉजीत डॉल्फिनबरोबर पोहायची नोकरी नसते. नोकऱ्या थोड्या, पगार बेताचे, आणि बरंचसं आयुष्य एक्सेल शीटमध्ये जातं. एवढं ऐकूनही यावंसं वाटत असेल तर या. मला चिडायला होतं ते वेगळ्याच गोष्टीवर: जोडून दिलेलं एक वर्ष, एवढीशी ही सोय. त्यासाठी समुद्र ओलांडायची गरज का पडावी? पेडण्यातल्या कॉमर्सच्या मुलीला दोना पावलापर्यंत नेणारं एक वर्ष गोव्यात का नाही?

सध्या मी दुसऱ्या वर्षात आहे. वर्गातले सगळे माझ्याहून लहान. पुढच्या वर्षी प्रबंध लिहायचाय आणि विषय आत्ताच सुचवायला सांगितलाय. मी लिहून दिलं: रापणकारांच्या आठवणींतून तारल्यांच्या चांगल्या-वाईट वर्षांची नोंद करता येते का. गाइडनी विचारलं, तुझ्याकडे डेटा काय आहे? हार्डींसारखं रेशीम आमच्या रापणीने ठेवलं नाही, वहीदेखील नाही. म्हणून मी गेल्या आठवड्यात बाबांना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, कुठल्या वर्षी तारले खूप पडले आणि कुठल्या वर्षी अजिबात नाही ते आठवेल तसं सांगा. आणि जाळं रिकामं आलं ते दिवसही सांगा, मला तेही लागतात.

दोन दिवस निळी टिक होती आणि उत्तर नव्हतं. मग रात्री पावणेबाराला, त्यांच्या ब्रेकमध्ये, एक व्हॉइस नोट आली. अकरा मिनिटांची. पहिली दोन मिनिटं मी जेवले का, हीटिंग चालू आहे का, यात गेली. पुढे मागे कुणीतरी फोर्कलिफ्ट चालवतंय, तिचा बीप बीप आवाज, आणि त्यातून बाबा सालं सांगतायत, पण आकड्यांत नाही: ताईचं लग्न झालं त्या वर्षी, नाना गेले त्या वर्षी, तू झालीस त्याच्या आदल्या वर्षी. मी कागद घेऊन बसलेय. नाना कुठल्या साली गेले ते आईला विचारायचंय.